गळकी झारी

आमच्या मालकीणबाईंची मला आधी लाज वाटायची. पुढे त्यांच्यासमोर स्वतःची वाटायला लागली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात नोकरी लागल्यावर आम्ही नवरा-बायकोने त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली त्या एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्याहून वीतभर जास्त, आणि अंगात बारा महिने सायकलवाल्यांची ती काळी घट्ट चड्डी. चड्डीवर फुलाफुलांचा एप्रन. याच वेशात त्या बेकरीत जायच्या, बँकेत जायच्या, आणि पत्रं घेऊन आलेल्या पोस्टमनला दारात उभं करून चाकाच्या तारांवर भाषण द्यायच्या. माझे सासरे पुण्याहून महिनाभर राहायला आले होते, तर जिन्यात त्या समोरून आल्या की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "जाऊ देत त्यांना आधी," असं म्हणायचे, आणि त्या गेल्यावरही बराच वेळ वळायचे नाहीत.

त्या भागात केरवोख नावाची एक चाल आहे. आठवड्याची पाळी. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते आणि त्याने सगळ्यांचा जिना, तळघर आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायचा. शब्दातच केर आहे म्हणून आम्ही दोघं पहिल्या दिवशी खूप हसलो, आणि त्या हसण्याच्या भरात झाडायचं राहून गेलं. शनिवारी दार उघडलं तर मालकीणबाई आमच्या पायरीवर गुडघे टेकून दाताच्या ब्रशाने कोपरे घासत होत्या. रागावल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. मी "द्या, मी करतो" म्हटलं तर म्हणाल्या, "हे बघा, तुमचं झालेलं आहे. आता ही माझी हौस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचा एक नियम मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही. जर्मन माणूस तुम्हाला 'तू' म्हणायला वर्षं घेतो. यांनी त्याची सोय लावून टाकली होती. सायकलच्या सीटवर बसलं की 'तू', पाय जमिनीला लागले की 'तुम्ही'. सिग्नलला थांबलो की वाक्याच्या मध्यात मला बढती मिळायची आणि दिवा हिरवा झाला की ती काढून घेतली जायची. "तू फार जोरात ब्रेक मारतोस," म्हणत थांबायच्या आणि एक पाय टेकवून "तुमच्या बायकोची सर्दी कशी आहे?" असं विचारायच्या. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा त्यांनाही हाच नियम होता का, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. धीर झाला नाही.

पण मी त्यांच्याबरोबर सायकलवर बसायला लागलो ते कसं, ते आधी सांगायला हवं.

एका जानेवारीत कराडहून फोन आला की बाबा गेले. मी तसाच निघालो. फ्रांकफुर्टला पोचलो तर बर्फाने विमानं बंद. लहान गाव, घरात बर्फाची पेटी वगैरे काही नाही, आणि आमच्याकडे थांबत नाहीत. चुलतभावाने अग्नी दिला. ते मी विमानतळावर एका बाकावर बसून फोनवर पाहिलं. कोणीतरी कॅमेरा धरला होता आणि तो हलत होता. खांद्यावर मडकं घेऊन तो चितेभोवती फिरत होता, प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडत होतं, आणि त्याच्या पाठीवरून पाण्याची धार गळत होती. शेजारी एक बाई सँडविच खात होत्या. त्यांची नजर माझ्या फोनवर गेली आणि मी फोन पालथा घातला. तिसरी फेरी मी पाहिली नाही.

पुढचं सगळं मी जाऊन केलं, दहावं-तेरावंही. गावात कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. "तू तरी काय करणार," असंच सगळे म्हणाले, आईसुद्धा. चूक माझी नव्हती हे मला कळत होतं. पण लाज वाटायला चूक लागतेच असं नाही. बापाचं मडकं दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिलं त्याची लाज होती ती, आणि तिला कुठे न्यायची ते मला कळत नव्हतं.

गुळगुळीत डोक्याने परत आलो. ऑफिसात सगळ्यांनी नव्या हेअरस्टाइलचं कौतुक केलं आणि मी ते हसून करून घेतलं. मालकीणबाई मात्र जिन्यात थांबल्या, डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

मी सांगितलं.

"आणि तुमच्यासाठी थांबले ना ते?"

"नाही. आमच्याकडे त्याच दिवशी करतात."

त्यांना हे काही केल्या पटेना. त्यांच्या यजमानांना नणंद कॅनडाहून येईपर्यंत आठवडाभर थांबवून ठेवलं होतं म्हणे. "एकुलता एक मुलगा, आणि थांबले नाहीत?" असं त्या दोनदा म्हणाल्या. आमचं ऊन, आमची रीत, हे सगळं मला जर्मनमध्ये सांगता येईना. माझ्या माणसांबद्दल त्यांचं वाईट मत होतंय हे दिसत होतं आणि मी नुसता उभा होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "शनिवारी या. खाली तळघरात माझ्या नवऱ्याची सायकल आहे."

नवरा बहुधा झाडाएवढा असावा. सीट पार खाली आणली तरी माझे पाय पेडलला जेमतेम पोचायचे. चड्डी मात्र मला स्वतःची घ्यावी लागली. ती घालून पहिल्यांदा निघालो तेव्हा बायको म्हणाली, "अरे, निदान फुटपाथपर्यंत तरी टॉवेल गुंडाळून जा." मी खरंच गुंडाळून गेलो. मालकीणबाईंनी तो काढून घेतला, नीट घडी केली आणि पत्रपेटीवर ठेवला.

वसंतभर त्यांनी मला आसपासच्या टेकड्यांवर रडवलं. चढावर माझ्या शेजारून जाताना त्या उकडलेले बटाटे खायच्या. पाठीवरच्या खिशात मीठ लावलेले बटाटे असायचे. दुकानातल्या त्या चिकट गोड वड्यांना त्या घोड्याचा खुराक म्हणायच्या. प्रत्येक चढाला त्या "ग्र्युस गॉट", म्हणजे तिकडचा रामराम, करायच्या, अगदी शेजाऱ्याला करावं तसं, आणि वर पोचल्यावर त्याचे आभार मानायच्या. "वर बघू नकोस," असं मला म्हणायच्या. "पुढच्या झाडाकडे बघ. माथ्यावर काय आहे ते माथा सांगेल." मी झाडाकडे बघायचो आणि झाडापाशी उतरून धापा टाकायचो.

पण हे सगळं नुसतं कवायतीपुरतं होतं. त्यांचं खरं लक्ष ऱ्हाईनच्या पलीकडे होतं. दर वर्षी मे-जूनमधल्या पिंग्स्टन सणाच्या सुट्टीत त्या गाडीवर सायकली लादून फ्रान्समध्ये जायच्या. डोंगरांच्या मागे एक भाग आहे, तिथे जमीन घडी न घातलेल्या गोधडीसारखी वरखाली पसरलेली आहे. गव्हाची शेतं, गायी, दोन-चार मैलांवर एखादं गाव आणि गावात चिटपाखरू नाही. दुकान नाही, हॉटेल नाही, आणि असलं तर बंद. अशा ठिकाणी पाणी कुठे मिळणार? सायकलवाल्यांना ते माहीत असतं. कबरस्तानात. फुलांना घालायला तिथे नळ असतोच, आणि मेलेल्यांचं पाणी कोणी बंद करत नाही.

हे मला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच गावात त्या फाटक ढकलून आत शिरल्या, बाटली भरली आणि उभ्याने घटाघट प्यायल्या.  स्मशानातलं पाणी! आमच्याकडे तिथून आलं की घरात पाऊल टाकण्याआधी आंघोळ करतात. मी तहान नाही म्हणून सांगितलं. जीभ टाळूला चिकटली होती.

"तुम्ही लाजताय," त्या म्हणाल्या. जमिनीवर होतो ना. "लाजू नका. फुकट नाही घेत आपण." आणि पाठीवरच्या खिशातून, बटाट्यांच्या शेजारून, त्यांनी एक छोटा ब्रश काढला. खिशात मावावा म्हणून त्याचा दांडा करवतीने कापलेला होता. नळाजवळची एक कबर त्यांनी झाडली, कुंडीत पाणी घातलं, वाळकी पानं उचलली. "पाणी प्यायलं की केरवोख," म्हणाल्या. घरासमोरचा फुटपाथ आणि परक्या देशातलं कबरस्तान यांत त्यांच्या लेखी काही फरक नव्हता.

त्यातली एक कबर त्यांची खास होती. एका टेकडीवरच्या गावात, चर्चच्या मागे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे यजमान तिथे पहिल्यांदा पाणी प्यायले आणि त्या कबरीच्या कडेवर बसून त्यांनी बटाटे खाल्ले. "त्याच्या अंगणात बसून जेवलो," त्या म्हणायच्या. दगडावरचं नाव झिजून गेलेलं, शेवटची चार-दोन अक्षरं उरलेली. माझ्या मनात आलंच, जर्मन बाई आणि फ्रेंच कबर म्हणजे लढाईची काही भानगड असणार. मी आडून विचारलं, तर म्हणाल्या, "माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आजोबासुद्धा. ते चौकाच्या पलीकडेसुद्धा कधी गेले नाहीत." कोणी नव्हता तो त्यांचा.

तर त्या कबरीवर काही वर्षांपूर्वी पिवळी पाटी लागली होती. कबर बेवारस दिसते, नातलगांनी गावच्या कचेरीत यावं, नाहीतर जागा मोकळी करू. काही वर्षांनी पुन्हा येऊन बघतात आणि तेव्हाही ओसाड दिसली तर दगड उचलतात. ते पुन्हा बघायला येण्याचं वर्ष हेच होतं. पिंग्स्टन झालं की लगेच येणार होते. त्याआधी ती कबर झाडून, फुलं घालून, कोणीतरी येतं अशी दिसायला हवी होती. त्या वसंतात बाईंना दुसरी काळजी नव्हती. गुडघा सुजलेला होता तरी.

"मग गाडीनेच थेट जाऊ या ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "गाडीने? तहान न लागता?"

त्या गावी जायच्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारपर्यंत त्या नेहमीसारख्या पुढे होत्या, पण बटाटे खात नव्हत्या. शेवटच्या चढाला त्यांनी "ग्र्युस गॉट" केलं ते दातओठ खाऊन. अर्ध्यावर त्या मागे पडल्या आणि पेडलमधून बूट सुटल्याचा खट् आवाज आला. वळून बघतो तर त्या उतरल्या होत्या आणि सायकल हाताने ढकलत होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना चढावर चालताना पाहिलं नव्हतं. मान वळवून त्या शेताकडे बघत होत्या, माझ्या सासऱ्यांनी भिंतीकडे बघावं तसं.

"तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या, आणि ब्रश पुढे केला. "आणि मागे बघू नका."

मी मागे न बघता गेलो.

कबरस्तानात कोणी नव्हतं. आता खरी चूक झाली ती इथे, आणि ती आमच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. मला एक काम करायचं होतं, आणि ते एक प्रकारचं कार्य होतं. कार्य म्हटलं की आधी हातपाय धुवायचे. त्यात विचार कसला करायचा? मी बूट-मोजे काढले, नळाखाली पाय धुतले, तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली आणि ती बाजूच्या खडीत टाकली. मग अनवाणी कबर झाडली. दगडावरच्या शेवाळाचे पोपडे खरवडले, गवत उपटलं. नळापाशी एक पत्र्याची झारी होती ती भरून घेतली. जड होती म्हणून खांद्यावर घेतली.

झारी गळकी होती. बुडाला भोक होतं. कबरीच्या पलीकडच्या बाजूला कुंडी होती, तिथे जाईपर्यंत पाठीवरून गार धार सुरू झाली.

मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. कुंडी मागे पडली आणि मी वळून पुढे चालतच राहिलो. कबरीभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. ती सायकलची जर्सी पाठीला चिकटली होती, पायाला खडी टोचत होती, आणि मी रडत होतो, अगदी आवाज करून. तिसरी फेरी पुरी केली तेव्हा झारीत पाणी उरलं नव्हतं.

मान वर केली तर फाटकात एक माणूस उभा होता. हातात किल्ल्यांचा जुडगा. कबरस्तानाची देखभाल करणारा असावा. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने माझे पाय बघितले, बूट बघितले, नळापाशी झालेला चिखल बघितला. त्या घट्ट चड्डीत, रडक्या तोंडाने, खांद्यावर झारी घेऊन मी त्याच्या गावच्या मेलेल्या माणसाभोवती गोल फिरत होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, विमानतळावरसुद्धा नाही.

तो फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. मला काही कळलं नाही. मग त्याने कबरीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं आणि एकच शब्द म्हणाला, "फामिय?" घरचे का, एवढं मला कळलं.

तेवढ्यात मालकीणबाई सायकल ढकलत आत आल्या. त्यांनी प्रश्न ऐकला. त्यांना फ्रेंच चांगलं येत होतं, पण त्यांच्या तोंडून खोटं कधी निघायचं नाही. त्या लाल झाल्या. कबरीकडे बघितलं, पिवळ्या पाटीकडे बघितलं, ओठ हलले आणि शब्द आला नाही. त्यांना तसं उभं राहिलेलं मला बघवेना.

"वी," मी म्हटलं. होय. घरचे.

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा रंग आणि तो फ्रेंच दगड यांचा मेळ तो कसा घालत होता, देव जाणे. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. खिशातून पाना काढला, वाकला आणि पिवळी पाटी सोडवायला लागला.

"तू खोटं बोललास," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. दोन्ही पाय जमिनीवर होते त्यांचे.

"जा," मी म्हटलं. हो.

 त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, खडीत बसल्या आणि बुटांच्या पट्ट्या सोडायला लागल्या. सुजलेला गुडघा धरून नळापाशी गेल्या, दोन्ही पाय धुतले, आणि तो माणूस बघत असताना, माझ्याहून मोठा आवाज करून चूळ भरली.

"घरचे असंच करतात ना?" त्यांनी विचारलं. होय म्हणून मी मान हलवली.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि खिशातून बटाटे काढले.

परतताना गाडीत त्यांनी मला वडिलांविषयी विचारलं. मी बाबांबद्दल ऱ्हाईन येईपर्यंत बोलत होतो. आमच्याकडे का थांबत नाहीत तेही सांगितलं, आणि मडक्याचंही. या खेपेला जर्मन अडलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही.

पुढे त्या पुन्हा फ्रान्सला गेल्या नाहीत. दोन हिवाळ्यांनी त्या गेल्या. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की कबर नको, दगड नको, नाव नको. गावाबाहेरच्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे कबरस्तानात, एक हिरवळ आहे, तिच्याखाली राख पुरतात आणि कुठे पुरली ते कोणालाही सांगत नाहीत. आपल्यासाठी कोणाला केरवोख लागू नये म्हणून ही व्यवस्था. जन्मभर परक्यांचं झाडत फिरल्या आणि स्वतःचं मात्र कोणाच्या पाळीत येऊ दिलं नाही. मला त्यांचा राग आला. मी बाटलीभर पाणी घेऊन त्या हिरवळीच्या कडेला उभा राहिलो, कुठे ओतायचं ते कळेना. गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा पाणी पिऊन टाकलं आणि घरी आलो.

त्या वर्षी पिंग्स्टनला मी एकटाच गेलो. गाडी लांब ठेवली आणि तहान लागेपर्यंत सायकल चालवली. शेवटच्या चढाला "ग्र्युस गॉट" केलं, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून.

कबर जागेवर होती. पाटी नव्हती. नळापाशी मात्र हिरवी, प्लास्टिकची, कोरी करकरीत झारी होती. मी पाय धुतले, चूळ भरली, झाडलं. ती झारी भरून खांद्यावर घेतली. थेंब गळेना. मी तसाच उभा राहिलो.

फाटकात किल्ल्यांचा आवाज झाला. तोच माणूस. त्याने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं, आणि हात उंच धरून विचारलं, ती उंच बाई? मी मान हलवली. नाही.

तो चर्चच्या मागच्या खोपटात गेला आणि जुनी पत्र्याची झारी घेऊन आला. फेकली नव्हती त्याने. आठवणीने बाजूला ठेवली होती, घरच्या माणसांसाठी. नळाखाली धरून त्याने ती स्वतः भरली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. पाठीवर गार धार लागली.

तो तिथेच टोपी हातात घेऊन उभा राहिला. बघू दे, म्हटलं. तीन फेऱ्या झाल्या तरी झारीत थोडं पाणी उरलं होतं, म्हणून मी अजून एक मारली.